तुम्ही विचारलंत म्हणून: असले शब्द येतात कुठून?

"हे असले शब्द तुम्ही बसून बनवता, की आपोआप सुचतात?" हा प्रश्न इतक्यांनी विचारून झालाय की एकदाच सविस्तर लिहून ठेवते. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना खरोखर उत्तर हवं असतं. बाकीच्यांना 'तुम्हाला दुसरा उद्योग नाही का' असं म्हणायचं असतं, पण भिडेपोटी ते प्रश्न विचारून मोकळे होतात. त्यांचं उत्तर आधी देते: उद्योग आहे. मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या तपासते, सुटलेले काने जागेवर बसवते, दोनदा पडलेली ओळ उडवते. पोटासाठी शब्दांना वळण लावायचं आणि हौसेसाठी कोशात नसलेले शब्द वापरायचे, असं माझं एकूण चाललेलं असतं.

आता खऱ्या प्रश्नाकडे. यातले बरेच शब्द मी बनवलेलेच नाहीत. ते मला प्रुफात आयते सापडले.

कार्यक्रमपत्रिका हा प्रकार या बाबतीत फार सुपीक. घाईत केलेली, रात्री उशिरा आलेली, सकाळी छापायला जाणारी. 'चर्चासत्र'मधला स मोडला आणि पुढच्या त्रला चिकटला की होतं 'चर्चास्त्र'. आता मला सांगा, हा शब्द भाषेत इतकी वर्षं नव्हता कसा? चर्चास्त्र म्हणजे समोरच्याला नामोहरम करण्यासाठी बोलावलेली बैठक. तिचा विषय आधी ठरतो, निष्कर्ष त्याच्याही आधी. 'परिसंवाद'मधली रि दीर्घ पडली की 'परीसंवाद': सगळे वक्ते एकमेकांशी इतकं गोड बोलतात की एकही मुद्दा जमिनीला टेकत नाही. 'आभारप्रदर्शन'मध्ये रचा ळ झाला तर 'आभाळप्रदर्शन', ज्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून माइकची वायर ओढणाऱ्यापर्यंत आभाळाखालच्या समस्तांचे आभार मानून होतात आणि तोवर मान्यवर निघून गेलेले असतात. आणि 'अध्यक्षीय भाषण'मधला काना जाऊन तिथे वेलांटी आली तर जे होतं, त्याची व्याख्या मी करत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

मी प्रुफावर खुणा केल्या, दुरुस्त्या झाल्या, पत्रिका शुद्ध छापून आल्या. शब्द मात्र आमच्या टेबलावर राहिले. एका अक्षराने काय होऊ शकतं हे मराठी माणसाला 'ध'चा 'मा'पासून ठाऊक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याआधी 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं अशी आख्यायिका. आमच्या टेबलावर रक्तपात होत नाही, एवढंच.

बनवलेले शब्द वेगळे. ते प्रुफासारखे समोर येऊन पडत नाहीत. आधी एखादी गोष्ट वारंवार घडते, सगळ्यांच्या बाबतीत घडते, आणि तिला नाव नाही हे कधीतरी खटकतं. माझ्या शब्दांपैकी सगळ्यात जास्त फिरलेला शब्द 'उभोपनिषद' असाच आला.

पाहुणे उठलेले असतात. पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत, दुसरा अजून बाहेर. गेले दोन तास सगळे ऐसपैस बसून हवेबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोललेत. आता दाराची कडी काढली, आणि पाहुणा म्हणतो, "बरं, ते सांगायचं राहिलंच." आणि मग जे येतं ते खरं असतं. नोकरी सोडली. भावाशी बोलणं बंद आहे. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या करायला सांगितल्यात. बसून जे कुणाला सांगता आलं नाही ते उभ्याने सांगून होतं, एक हात दाराच्या चौकटीला टेकवून. 'उपनिषद'चा अर्थ गुरूजवळ जाऊन बसणं असा लावतात. इथे बसायचं कुणी नाव काढत नाही, म्हणून उभा अधिक उपनिषद, उभोपनिषद. संधी शाळेत शिकवलेल्या नियमाने केलेला आहे, कुणीही तपासून घ्यावा. 'ते राहिलंच' या वाक्याने आरंभ, 'चला, आता खरंच निघतो' या वाक्याने पहिला अध्याय समाप्त, आणि असे निदान तीन अध्याय. गंमत अशी की कुणी मध्येच "अहो, मग बसा ना" म्हटलं तर सगळं संपतं. माणूस बसतो आणि पुन्हा रस्त्यांबद्दल बोलायला लागतो.

शब्द सांगितल्यावर समोरचा हसला तर मला बरं वाटतं, नाही असं नाही. पण तो हसायच्या आधी जरा थांबला आणि "अरे हो, आमच्याकडेही" म्हणाला, तर मी तो शब्द वहीत लिहिते.

वहीतले आणखी काही. 'म्यूटाख्यान': ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून पोटतिडकीने केलेलं भाषण. हातवारे पूर्ण, आवाज शून्य. 'टिंबटांगणी': समोरचा टाइप करतोय असं दाखवणारे तीन ठिपके हलत राहतात, थांबतात, पुन्हा हलतात, आणि शेवटी काहीच येत नाही. 'पायरीभास': जिना संपलेला असतो, पण पाय आणखी एक पायरी शोधतो, आणि क्षणभर सगळं शरीर फसवलं गेल्यासारखं होतं. (अंधारात उतरताना होतो तो जास्त वाईट, चढताना होतो तो नुसता अपमानास्पद.) 'अंदाजहसू': समोरच्याचं बोलणं दोनदा 'काय?' म्हणूनही ऐकू आलं नाही, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, म्हणून आपण हसतो. तो दुःखाची बातमी सांगत असेल तर काय, हा विचार हसून झाल्यावर येतो.

आणि 'सर्वनामस्नेही'. हा माझा लाडका आहे, म्हणून जरा जास्त बोलते. काही माणसं आपल्याला वर्षानुवर्षं भेटतात. त्यांना आपलं नाव पाठ, आपल्या घरच्यांची नावं पाठ, मागच्या वेळी आपली कंबर दुखत होती हेही पाठ. आपल्याला त्यांचं नाव येत नाही. पहिल्या वर्षी विचारता आलं असतं. आता वेळ गेली. मग सगळा स्नेह सर्वनामांवर चालतो: "तुम्ही काय म्हणता?", "तुमचं कसं?", "यांचं बरं आहे ना?" अशा माणसाबरोबर असताना तिसरा ओळखीचा आला की ओळख करून द्यायची वेळ येते. तिथे मराठीने आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. "तुम्ही ओळखता ना एकमेकांना?" एवढं म्हणायचं आणि फोन आल्यासारखं बाजूला व्हायचं. एक सावधगिरीची सूचना: आपणही कुणाचे तरी सर्वनामस्नेही असतो. "काय हो, कसं काय?" असं जो फार मोठ्याने म्हणतो, त्याच्याकडे जरा नीट बघा.

वहीत न टिकलेले शब्दही पुष्कळ आहेत. फोनची बॅटरी संपत आली की होणाऱ्या तगमगीला 'विद्युद्विरह' म्हणावं असं एकाने सुचवलं होतं. शब्द देखणा आहे, अनुप्रासही आहे. पण तो म्हणेपर्यंत फोन बंद पडतो. ज्या शब्दापुढे दरवेळी अर्थ सांगावा लागतो, किंवा जो उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'बघा हं आता' असा भाव येतो, तो शब्द नसतो. तो विनोद असतो. विनोदाबद्दल माझी तक्रार नाही, पण दोन्हींची गल्लत करू नये.

मग शब्द झाला हे ओळखायचं कसं? माझी एक साधी परीक्षा आहे: तो कुणी रागात वापरतो का ते बघायचं. रागात माणसाला कोटी सुचत नाही. हाताशी असेल ते तो बोलतो. एकदा मीटिंगमध्ये मुदत टळत आली होती, सगळे वैतागलेले, आणि आमचा एक सहकारी खेकसला, "अरे, त्याचं म्यूटाख्यान थांबवा कुणीतरी, बटण दाबायला सांगा त्याला!" कुणी हसलं नाही. बटण दाबलं गेलं, मीटिंग पुढे गेली. त्या दिवशी तो शब्द पास झाला. त्याने अनुस्वार, प्रत्यय, लिंग सगळं न विचारता नीट वापरलं होतं हे माझ्यातल्या मुद्रितशोधकाने टिपून घेतलं.

हीच परीक्षा गंभीर शब्दांना लावून बघा. 'दूरध्वनी' आणि 'भ्रमणध्वनी' हे शब्द पत्रिकांवर, पावत्यांवर, लेटरहेडवर सुखाने राहतात. मी स्वतः त्यांची शुद्ध रूपं रोज तपासते. पण जेवताना मुलाने मान वर केली नाही तर कुठली आई "भ्रमणध्वनी ठेव आधी!" म्हणून ओरडली आहे? ती 'फोन' म्हणते, फार संतापली तर 'डबडं' म्हणते. उलट सावरकरांनी घडवलेला 'महापौर' बघा. तो घडवताना कुणाला हसू आलंही असेल, आज मात्र लोक महापौरांच्या नावाने तोंडभर बोटं मोडतात आणि त्यांना शब्द नवा वाटत नाही. 'दिनांक'ही त्यांच्याच पठडीतला, आणि तो इतका रुळला की अर्जावर नसला तर कारकून अर्ज परत करतो. एकाच खटाटोपातले काही शब्द पाय रोवतात आणि काही कागदावरच राहतात. घडवणाऱ्याची विद्वत्ता त्यात फारशी कामी येत नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की ते ठीक आहे, पण गमतीत बनवलेला शब्द कधी खराखुरा होतो का? होतो. तुम्ही आज तो निदान दहादा बोलला असाल. 'ओके'. १८३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बोस्टनच्या वर्तमानपत्रांत एक टूम निघाली होती: एखाद्या वाक्प्रचाराची मुद्दाम अडाणी स्पेलिंग करायची आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर. त्याचं ओ आणि के या अक्षरांनी सुरू होणारं चुकीचं रूप करून 'ओ. के.' हे २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापलं गेलं. म्हणजे 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहायचं, हा विनोद. मुद्रितशोधकाच्या काळजाला घरं पाडणारा. त्या टुमेतली बाकीची आद्याक्षरं विरून गेली. 'ओके'चं नशीब असं की १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं 'ओल्ड किंडरहूक' हे टोपणनाव आणि ही आद्याक्षरं जुळली, समर्थकांनी ती घोषणेत घेतली. ब्युरेन हरले, 'ओके' राहिलं. विनोद तर इतका पुसला गेला की ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाला तो १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून पुन्हा शोधून काढावा लागला.

मराठीत अशी उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. 'श्रीशिल्लक' घ्या. हिशेबाच्या पानावर आरंभी 'श्री' लिहायचा. खर्च होऊन खाली काहीच उरलं नाही, तर शिल्लक काय? तो वरचा श्री. कुण्या कफल्लक माणसाने हा विनोद केला असेल त्याला माझा नमस्कार. 'गच्छंती'ही तसाच. संस्कृतात 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात', एक सरळ क्रियापद. मराठीत कुणीतरी ते उचललं आणि त्याचं नाम केलं, तेही स्त्रीलिंगी: त्याची गच्छंती झाली. व्याकरणाच्या तासाला असं केलं असतं तर करणाऱ्याचीच झाली असती. वर्गातला 'ढ' तर सर्वांना ठाऊक आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ जवळपास होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात असं सांगतात. सांगणारा खरा की खोटा ते सोडा, पण ढ ला ढ म्हणणाऱ्या पोरांना ब्राह्मी लिपी माहीत नसते आणि शब्दाचं त्यावाचून काही अडत नाही.

'चारसोबीस'ची गोष्ट ताजी आहे. फसवणुकीचं कलम ४२०, भारतीय दंड संहितेतलं, १८६० सालचं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि फसवणूक गेली कलम ३१८ मध्ये. आता कुणी "तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे" असं म्हणताना ऐकलंत? ऐकणारही नाही. कलम रद्द करता येतं, शिवी रद्द करायची तरतूद संसदेकडे नाही.

शब्द बनवण्यामागे गंमत हे एकच कारण असतं असंही नाही. लपवणं हे त्याहून जुनं कारण आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी च ची भाषा बोललेली आहे: पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च. 'मला नको' म्हणजे 'चलाम चकोन'. मोठ्यांना कळू नये म्हणून, आणि मोठ्यांनी आपल्या लहानपणी तीच बोललेली असल्यामुळे त्यांना सगळं कळत असतं ही त्यातली मेख. फ्रेंच तरुण पोरं शब्दाचे तुकडे उलटे करून बोलतात, त्या बोलीला 'व्हेरलान' म्हणतात, आणि हे नावही 'उलट' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे तुकडे उलटवूनच झालेलं आहे. तिथे उलटलेले काही शब्द सगळ्यांना कळायला लागले, तेव्हा पोरांनी ते पुन्हा एकदा उलटवले. आपल्याकडे व्यापारी आणि दलाल यांची 'नंदभाषा' होती. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा, पण गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही. एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त ती नोंदलेली आहे, म्हणजे गुपित आता छापील आहे.

गुपित फुटलं की असला शब्द मरतो, किंवा निदान पहिले बोलणारे तरी तो सोडून देतात. तरुणांच्या शब्दांचं नेमकं हेच होतं. माझा भाचा जे शब्द वापरतो ते मी कान देऊन ऐकते, आठवडाभर मनात घोळवते आणि योग्य जागी वापरते. की तो डोळे मिटून घेतो. "आत्या, प्लीज. आता हे कुणी बोलत नाही." काल बोलत होते, मी बोलले म्हणून आज कुणी बोलत नाही. आमच्या पिढीचे 'पोपट होणे', 'कल्टी मारणे', 'लोचा' हे शब्द आता बातम्यांच्या मथळ्यांत येतात आणि मी त्यांची ऱ्हस्वदीर्घं तपासते. कल्टी शब्दाची वेलांटी तपासायला बसणं हा त्या शब्दाचा केवढा मोठा पराभव आहे.

काही लोक मला नवे शब्द नाही, जुन्या शब्दांचे नवे अर्थ पाठवतात. हा खेळ मराठीत फार छान जमतो, कारण आपले शब्द मध्येच फोडले की आत दुसरंच काही निघतं. 'परवाना': ज्या कचेरीत 'परवा या ना' म्हणतात तिथे मिळणारी वस्तू. 'पाठांतर': पाठ केलेलं आणि आयत्या वेळी आठवलेलं यांतलं अंतर. 'अनावर': ज्याला आपली खोली आवरता येत नाही असा. 'सहकारी': एकाच कारने ऑफिसला जाणारे. 'कारकीर्द': कारच्या हप्त्यांचा हिशेब लिहायची वही. ही शेवटची नोंद वाचून आमच्या हिशेबनीस बाईंनी कौतुकाने मान हलवली, कारण 'कीर्द' म्हणजे रोजमेळ हे त्या टेबलावर फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. बाकीच्यांना समजावून सांगावं लागलं, आणि वर म्हटल्याप्रमाणे तिथे खेळ संपला.

या प्रकारातला एकच शब्द खेळातून सुटून बोलण्यात आला: 'उद्यापन'. व्रताची सांगता हा खरा अर्थ. आमच्याकडे त्याचा अर्थ आजचं काम यथासांग उद्यावर ढकलणे. "त्या अहवालाचं काय झालं?" "उद्यापन केलं." यात सुख असं आहे की ऐकणाऱ्याला काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं. एका साहेबांना ते बरेच दिवस तसंच वाटत होतं.

"मग हे शब्द कोशात जाणार का?" हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारताना लोकांचा आवाज आदराने खाली जातो. कोशाबद्दलचा हा आदर कायम ठेवून दोन गोष्टी सांगते. १९३४ च्या वेबस्टर इंग्रजी कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला होता, अर्थ: घनता. असा शब्दच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठी लिहिली होती की कॅपिटल 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी, हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे. ती चिठ्ठी चुकीच्या गठ्ठ्यात गेली, अक्षरं जवळ आली आणि शब्द झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही, आणि मग शोधाशोध. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट वाचून झोप लागत नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही होतो.

दुसरी गोष्ट मुद्दाम केलेली. २००१ च्या 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'त 'एस्क्विवेलियन्स' हा शब्द संपादकांनी स्वतः रचून घातला होता. दुसऱ्या कुणी कोशातल्या नोंदी चोरल्या तर हा खोटा शब्द त्यांच्याकडे सापडेल आणि चोरी पकडता येईल, म्हणून. २००५ मध्ये हे उघड झालं. शब्दाचा अर्थ त्यांनी दिला होता, आपली अधिकृत जबाबदारी जाणूनबुजून टाळणे. आपण याला अंगचोरपणा म्हणतो आणि तो चोर पकडायला ठेवलेला नसतो.

'ब्लर्ब'चं उदाहरण मात्र मी स्वतःसाठी राखून ठेवलंय. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा स्तुतीचा मजकूर. मराठी प्रकाशनात सगळे ब्लर्बच म्हणतात: "ब्लर्ब आला का?", "ब्लर्ब कापा, पान भरलं." हा शब्द १९०७ साली गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने गमतीत काढला. एका पुस्तकाच्या वेष्टनावर एका बाईचं चित्र टाकून तिचं नाव ठेवलं मिस बेलिंडा ब्लर्ब, आणि ती आपली पुस्तकाचं कौतुक ओरडून करते आहे. बर्जेसने पुढे असे रचलेले पुष्कळ शब्द गोळा करून छापले. त्यातले बाकीचे कुणाला आठवतात? आणि परवा संध्याकाळी आमच्या ऑफिसात छपाईची फाइल थांबली होती तेव्हा एक तरुण संपादक दारातून ओरडला, "त्या ब्लर्बच्या नावानं बोंब आहे, अजून आलेला नाही!" बर्जेसचा शब्द, शंभरावर वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, षष्ठीच्या प्रत्ययासकट आणि संतापलेला. परीक्षेत यापेक्षा जास्त गुण नाहीत.

तर कोशाचं मला फारसं पडलेलं नाही. उभोपनिषद कोशात गेलं नाही तरी दारात उभं राहून लोक बोलणारच.

शेवटी, तुमच्यापैकी काहींनी विचारलंय की आम्ही बनवलेले शब्द पाठवले तर चालतील का. चालतील. उलट माझ्याकडे नाव नसलेल्या गोष्टींची यादी साठलेली आहे, ती घ्या. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा अगदी सविस्तर निरोप घेतो, "या एकदा घरी" वगैरे सगळं होतं, आणि मग दोघंही एकाच दिशेला चालायला लागतो. समोरून येणाऱ्याला वाट द्यायला आपण डावीकडे होतो, तोही त्याच बाजूला होतो, मग दोघं दुसरीकडे, पुन्हा एकत्र, आणि तोंडावर ते कसनुसं हसू. कुणीतरी आपल्याकडे बघून हात हलवतो, आपण जोरात हात हलवतो, आणि तो आपल्या मागच्या माणसासाठी असतो. मग तो वर गेलेला हात केसांपर्यंत नेऊन काहीतरी सारखं केल्याचं दाखवावं लागतं, त्या हालचालीला तर तातडीने नाव हवंय.

सुचलं तर पाठवा. फक्त पुढे कंसात अर्थ लिहू नका. एखाद्या वाक्यात घालून पाठवा, शक्यतो चिडलेल्या.